भाव मिळतो ते नदीत जात नाही

गंगापूर आणि दारणा या दोन्ही धरणांतून एकदम विसर्ग सुरू झाला की निफाड तालुक्यातल्या सायखेडा-चांदोरीच्या लोकांचं लक्ष पुलाकडे लागतं. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदावरी इथल्या वस्तीत शिरली होती. पुराइतकीच धास्ती असते ती पुराबरोबर येणाऱ्या पाणवेलींची. वरच्या संथ पाण्यात उन्हाळाभर पोसलेला हिरवा गालिचा सुटतो, वाहत येतो आणि पुलाच्या खांबांना अडकतो. मागून आणखी येतो. बघता बघता पुलाला हिरवी भिंत लागते, पाणी तुंबतं आणि दोन्ही काठांच्या गावांत चढायला लागतं. मग पोकलेन मागवा, पुलावर उभं करा, पाणवेली उपसा.

उपसलेला ढीग दोन-चार दिवस उन्हात पडला की त्याचं खरं रूप दिसतं. पाणवेलीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे झाड वाळून मूठभर होतं आणि उरतं ते वेगळंच. पाण्याच्या बाटल्या, थर्माकोलचे तुकडे, चपला, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुड्यांना हे कुणी सांगितलेलं नाही) आणि गाठ न सोडता पाण्यात टाकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या. आतली फुलं कुजून गेलेली, पिशवी मात्र जशीच्या तशी.

पाणवेल आणि प्लॅस्टिक यांची ही जोडी योगायोगाची नाही. व्हिएतनाममधल्या सायगाव नदीवर डच आणि व्हिएतनामी संशोधकांनी पुलांवरून वाहता कचरा मोजला. त्यांचा निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आला: पाण्यावर दिसणाऱ्या मोठ्या प्लॅस्टिकपैकी सरासरी ७८ टक्के पाणवेलींच्या पुंजक्यांत अडकलेलं होतं. लोंबती मुळं, फुगीर देठ आणि एकमेकांत गुंतलेली पानं यांची आयती जाळी होते. म्हणजे ज्या वनस्पतीला आपण नदीचा शत्रू म्हणतो, तीच नदीतलं प्लॅस्टिक धरून ठेवते, आणि पूर आला की एकगठ्ठा पुढे नेते. तिला पोसतं कोण? नाशिक शहराचं सांडपाणी. त्यातला नत्र आणि स्फुरद हेच तिचं खत. शहर दोन गोष्टी खाली पाठवतं, पाणवेलीचं अन्न आणि पाणवेलीत अडकणारा कचरा; दोन्हींची गाठ सायखेड्याच्या पुलाशी पडते.

आता उपाय काय करायचा? पुराच्या ऐन घाईत सगळ्यात सोपा म्हणजे अडकलेला गठ्ठा पोकलेनच्या बकेटने मोकळा करून पुढे सोडणं. पूल वाचतो, गावातलं पाणी उतरतं, आणि गठ्ठा जातो नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा बंधारा गाळाने भरत गेला, उथळ झाला, आणि त्या उथळपणामुळेच पक्ष्यांचं माहेर बनला. १९८६ साली तिथे अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. हिवाळ्यात चक्रवाक आणि कितीतरी जातींची बदकं जिथे उतरतात, तिथे सायखेड्याच्या पुलावरून सोडलेला कचरा मुक्कामाला जातो. पुराच्या रात्री पुलावर उभ्या असलेल्या माणसाने पक्ष्यांचा विचार करावा असं मी म्हणणार नाही. पण आपण कचरा काढला नाही, पुढच्या गावाला दिला, एवढं तरी कबूल करायला हवं.

तणनाशक फवारून पाणवेल मारता येते. पण मेलेली पाणवेल बुडते, तळाशी कुजते, पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे मरतात. शिवाय तिने धरलेलं प्लॅस्टिक सुटं होऊन वाहायला लागतं. पाणवेल खाणारे, मूळचे दक्षिण अमेरिकेतले भुंगेरे भारतात १९८०च्या दशकात सोडले गेले, काही तलावांत त्यांनी चांगलं कामही केलं. पण सांडपाण्यावर पोसलेली पाणवेल भुंगेरे खातात त्याहून वेगाने वाढते. उरतं ते कोरड्या दिवसांत, पूर यायच्या आधी, ती काठावर ओढून काढणं आणि वाळल्यावर उरलेलं प्लॅस्टिक वेचणं. हे काम कंटाळवाणं आहे, खर्चाचं आहे, आणि फोटोत काही खास दिसत नाही. म्हणून ते जूनपर्यंत पुढे ढकललं जातं.

समजा, काहीच केलं नाही. सायखेड्यातली बाटली समुद्रात जाईल का? लगेच आपल्याला तसं वाटतं, कारण समुद्रातल्या प्लॅस्टिकवरचा प्रत्येक लेख नदीपासूनच सुरू होतो. पण गोदावरी १,४६५ किलोमीटरची. बाटलीला वाटेत नांदूर मध्यमेश्वर लागेल, मग पैठणचा नाथसागर, नांदेडचं विष्णुपुरी, बाभळीचा बंधारा, तेलंगणातलं श्रीरामसागर, आणि शेवटी आंध्रात राजमहेंद्रीजवळ आर्थर कॉटनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेला धवळेश्वरमचा बंधारा. त्यानंतर त्रिभुज प्रदेशातलं खारफुटीचं जंगल आणि मग बंगालचा उपसागर. एवढी नाकी ओलांडून जाणाऱ्या बाटल्या असतील, पण थोड्या. बाकीच्या गाळात रुततात, काठावरच्या बाभळीला लटकतात, उन्हाने ठिसूळ होऊन तुकडे होतात, आणि ते तुकडे धरणाच्या तळाशी बसतात.

या बाबतीत शास्त्रज्ञांचं मतही बदललं आहे. २०१७ मध्ये असा अंदाज निघाला होता की जगभरच्या नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा फार मोठा वाटा फक्त १० नद्यांचा आहे, त्यांतल्या आठ आशियातल्या. हा आकडा इतका सोयीचा होता की तो सगळीकडे फिरला. २०२१ मध्ये नवं गणित आलं. त्यात नुसता नदीकाठचा कचरा न मोजता पाऊस, उतार, जमिनीचा वापर आणि समुद्रापर्यंतचं अंतर हेही धरलं गेलं. उत्तर उलटं निघालं. ८० टक्के प्लॅस्टिक हजारांहून जास्त नद्यांतून जातं, आणि त्यांत मोठा वाटा किनाऱ्यावरच्या शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा. पहिली आली मनिलाची पासिग. आणि जगातल्या अगदी वरच्या काही नद्यांत आपली उल्हास. जेमतेम सव्वाशे किलोमीटरची, कर्जतच्या बाजूने येऊन बदलापूर, उल्हासनगर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळणारी. हे मॉडेलचं गणित आहे, प्रत्येक नदीवर माणसं बसवून केलेली मोजणी नव्हे. पण त्यातला तर्क पटतो: कल्याणच्या नाल्यात पडलेल्या पिशवीला समुद्र गाठायला एक मोठा पाऊस पुरतो, सायखेड्याच्या पिशवीला निदान सहा धरणं-बंधारे ओलांडावे लागतात.

म्हणून सगळीकडे एकच उपाय लावणं चूक आहे. मुंबईच्या नाल्यांवर महापालिकेने कचरा अडवणारे तरंगते अडसर बसवले, ते तिथे शहाणपणाचं आहे, कारण ती समुद्राच्या आधीची शेवटची चौकी. सायखेड्याला समुद्राची काळजी करण्याचं कारण नाही. इथलं प्लॅस्टिक बहुतेक इथेच राहणार आहे, नदीत आणि त्याहून जास्त शेतात.

शेताकडे वळण्याआधी समुद्रातल्या साफसफाईचंही थोडं बोलू, कारण तिची चर्चा सगळ्यात मोठी होते. चार्ल्स मूर या खलाशाने १९९७ मध्ये प्रशांत महासागरातला कचऱ्याचा विळखा पाहिला. २०१३ मध्ये बॉयन स्लाट या अठरा वर्षांच्या डच तरुणाने तो उपसण्यासाठी संस्था काढली, २०१८ मध्ये पहिलं तरंगतं यंत्र पाठवलं. ते कचरा धरून ठेवू शकलं नाही, मग मोडलंही. पुढच्या आवृत्त्यांनी खरोखर टनावारी माल काढला. पण त्याच पाण्याच्या पृष्ठभागावर निळ्या-जांभळ्या रंगाचे तरंगते जीव राहतात, आणि जाळीला प्लॅस्टिक कोणतं आणि जीव कोणता हे कळत नाही, असा आक्षेप जीवशास्त्रज्ञांनी घेतला. तो अजून मिटलेला नाही. दुसरी गंमत म्हणजे तिथल्या कचऱ्याच्या वजनात ४६ टक्के मासेमारीची जाळी निघाली. शहरी माणूस स्ट्रॉ वापरायचं सोडतो तेव्हा त्या जाळ्यांना काही फरक पडत नाही. जाळ्याचा प्रश्न जाळं वापरणाऱ्याच्या हिशेबातच सोडवावा लागतो. आपल्याकडे त्याचं एक चांगलं उदाहरण आहे: २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्राने ठरवलं की जाळ्यात अडकलेलं कासव किंवा दुसरा संरक्षित जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. कासव वाचवण्याची किंमत कोकणातल्या एकट्या मच्छीमाराच्या खिशातून जाऊ नये, एवढं साधं तत्त्व. पर्यावरणाच्या बहुतेक योजना इथेच अडखळतात.

पिशवीबंदी घ्या. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तुंबलेल्या नाल्यांत पिशव्या सापडल्या आणि राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. २३ मार्च २०१८ ला राज्याने मोठी बंदी आणली: पिशव्या, थर्माकोलची ताटं, चमचे, सगळं. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड. देशपातळीवर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंची यादी बंद झाली आणि पिशवीची जाडी आधी ७५, मग १२० मायक्रॉन केली गेली. मग गावोगावच्या दुकानांत दुसरीच एक पिशवी आली. रंगीत, मऊ, कापडासारखी दिसणारी, वर दुकानाचं नाव छापलेली. लोक तिला कापडी पिशवी म्हणतात, पण ती विणलेलीसुद्धा नसते. पॉलिप्रॉपिलिनचे तंतू दाबून चिकटवलेले असतात. चार-सहा वापरांत बंद तुटतात, मग तिचा भुगा होतो. साधी पिशवी निदान अखंड उचलता यायची.

खरी कापडी पिशवी चांगलीच, पण तीही फुकट येत नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब काढला. नुसत्या हवामानबदलाच्या दृष्टीने पाहिलं तर साध्या सुती पिशवीने पन्नासेक वेळा काम केलं पाहिजे, तेव्हा ती प्लॅस्टिकच्या बरोबरीला येते. आणि पाणी, ओझोन असे सगळे निकष एकत्र धरले तर हा आकडा सात हजारांवर जातो. कारण कापूस. एक किलो कापसामागे जगात सरासरी दहा हजार लिटर पाणी लागतं, आणि महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्यात पाण्याची काय अवस्था आहे ते सांगायला नको. हा आकडा प्लॅस्टिकवाले मोठ्या आनंदाने सांगतात. ते एक गोष्ट सांगत नाहीत: त्या हिशेबात नदीत पडलेल्या पिशवीचं नुकसान धरलेलंच नव्हतं. उकिरड्यावर पिशव्या खाऊन पोट फुगलेली गाय त्या कोष्टकात नाही. तात्पर्य इतकंच निघतं की नवी कापडी पिशवी विकत घेण्यापेक्षा घरातल्या जुन्या साडीची, धान्याच्या पोत्याची शिवलेली पिशवी बरी. तिचा कापूस केव्हाच पिकून गेला आहे.

आता शेत. सायखेड्याच्या आसपासचा पट्टा द्राक्षं, कांदा, टोमॅटो आणि भाजीपाल्याचा. इथल्या शेतातून प्लॅस्टिक काढून टाकलं तर शेतीच उभी राहणार नाही, हे आधी मान्य करू. ठिबकच्या नळ्या पाणी वाचवतात. मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरायचा तो काळा-चंदेरी कागद, ओल धरून ठेवतो आणि गवत उगवू देत नाही. निंदणीची मजुरी वाचते, तणनाशकही वाचतं. द्राक्षबागेवर आच्छादन टाकलं तर फेब्रुवारीतल्या अवकाळी पावसात घड फुटत नाहीत आणि बुरशीनाशकाच्या फवारण्या कमी होतात. म्हणजे एका बाजूला पाणी आणि विष वाचतं, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिक वाढतं. ज्याने एका रात्रीत बाग गमावली आहे त्याला प्लॅस्टिकचे तोटे सांगायला जाऊ नये.

पण या सगळ्या वस्तूंचं हंगामानंतर काय होतं ते बांधावर उभं राहून पाहण्यासारखं आहे. ठिबकची जुनी नळी कधी नदीत दिसते का? सहसा नाही. तिचं भेंडोळं करून ठेवतात, भंगारवाला येतो, किलोवर घेऊन जातो. आच्छादनाचा पडदा फाटला तरी कांद्याच्या ढिगावर पडतो, गोठ्याच्या भिंतीला लागतो, आणि शेवटी तोही भंगारात. टोमॅटोचे क्रेट तर हिशेबाने परत येतात, एखादं कमी पडलं तर भांडण होतं. उलट मल्चिंग पेपर पंचवीस-तीस मायक्रॉनचा, कधी त्याहूनही पातळ. चार महिने ऊन खाल्लं की तो हाताला धरवत नाही. ओढला की चिंध्या होतात. मातीने माखलेल्या त्या चिंध्या भंगारवाला घेत नाही. मग बांधावर ढीग होतो, काडी लावली जाते, नाहीतर रोटाव्हेटर मारून सगळं मातीत. टोमॅटो बांधायची सुतळीही आता प्लॅस्टिकची असते. झाडं उपटताना ती सोडवायला कुणाला वेळ नसतो, तीही नांगराखाली जाते. फाटकी नळी आणि फाटका कागद, दोन्ही एकाच जातीचं प्लॅस्टिक, पॉलिथिन. एकाला भाव आहे, दुसऱ्याला नाही, म्हणून एक कारखान्यात परत जातं आणि दुसरं मातीत जिरतं.

मला वाटतं या विषयाची किल्ली याच फरकात आहे. बंदी, जनजागृती, शपथा या सगळ्यांपेक्षा भंगाराच्या काट्यावरचा भाव जास्त प्लॅस्टिक अडवतो. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झालं आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी पुनर्वापरात गेलं अवघं ९ टक्के. हे ९ टक्के बहुतेक जड, एकजिनसी, सहज वेचता येणारं होतं. शांपूची पुडी, वेफर्सचं पाकीट हे तीन-चार वेगवेगळे थर चिकटवून केलेलं असतं. ते थर सुटे करण्याचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून ते कुणी उचलत नाही.

यातून एक निष्कर्ष निघतो, तो ऐकायला विचित्र वाटेल. प्लॅस्टिकचा कचरा कमी करायचा असेल तर काही ठिकाणी जास्त प्लॅस्टिक वापरावं लागेल. पिशवीची जाडी वाढवण्यामागे हाच विचार होता. मल्चिंगच्या बाबतीत चीन हा धडा महागात शिकला. शिनजियांगच्या कापसाच्या शेतांत वर्षानुवर्षं आठ मायक्रॉनचा कागद अंथरला गेला, तो कधीच पूर्ण निघाला नाही, जमिनीत थरावर थर साठले. पाणी मुरेना, मुळं धड वाढेनात. शेवटी नव्या मानकात जाडी दहा मायक्रॉन केली. आपल्याकडचा कागद त्याहून जाड आहे ही जमेची बाजू, पण जाड कागद महाग, आणि सरकारी अनुदान नसेल तर शेतकरी दुकानात स्वस्त आणि पातळच मागणार. त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही. कागद काढण्याची मजुरी आणि कागदाची किंमत दोन्ही त्याच्याच खिशातून जाणार असतात.

मग आपोआप विरघळणारा कागद का नको? मातीत कुजणारे मल्चिंगचे कागद आहेत, पण ते साध्या कागदाच्या कितीतरी पट महाग, आणि कोणत्या मातीत किती दिवसांत कुजतील हे ओलीवर आणि तापमानावर ठरतं. मक्याच्या स्टार्चपासून बनणाऱ्या पीएलएचं तर अंगणातल्या खड्ड्यात फारसं काही होत नाही; त्याला साठ अंशांच्या आसपास तापलेलं औद्योगिक कंपोस्ट लागतं. पाकिटावर ‘जैवविघटनशील’ छापलेली पिशवी गोदावरीच्या गार पाण्यात साध्या पिशवीसारखीच वागते. काही प्लॅस्टिकमध्ये नुसतं चुरा होण्याचं रसायन घातलेलं असतं. युरोपने २०१९ च्या कायद्याने त्यावर बंदी घातली, कारण तुकडे होणं आणि कुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग उरतं ते वापरलेलं प्लॅस्टिक परत गोळा करणं. आयर्लंडमध्ये १९९७ पासून त्यासाठी एक व्यवस्था चालू आहे. चाऱ्याच्या गठ्ठ्यांवरचं प्लॅस्टिक विकताना कंपन्या त्यावर आकार लावतात, त्या पैशातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी वापरलेलं प्लॅस्टिक गोळा होतं. शेतकऱ्यालाही आणून देताना थोडे पैसे मोजावे लागतात. कंपन्यांच्या पैशातून चालणारी अशी व्यवस्था फ्रान्समध्येही आहे. आपल्याकडे उत्पादकावर जबाबदारी टाकणारे २०२२ चे नियम मुळात पॅकेजिंगसाठी आहेत. म्हणजे औषधाची रिकामी बाटली नियमात बसते, कारण ते वेष्टन. मल्चिंग पेपर बसत नाही, कारण तो वेष्टन नसून वस्तूच आहे. आणि शेतात सगळ्यात जास्त उरतो तो हाच. ही फट बुजवणं राज्याच्या किंवा केंद्राच्या हातात आहे, ग्रामपंचायतीच्या नाही. जगाच्या पातळीवरही वाट पाहण्यात अर्थ दिसत नाही. प्लॅस्टिकच्या आंतरराष्ट्रीय कराराची २०२२ मध्ये नैरोबीत सुरू झालेली खटपट ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातही तडीस गेली नाही. उत्पादनावर मर्यादा घालायची की नुसता कचरा सांभाळायचा, यावरच गाडं अडलं.

गाव मात्र एक करू शकतं. कांद्याच्या आणि भाजीपाल्याच्या निमित्ताने आसपासचे ट्रॅक्टर बाजाराच्या आवारात येतातच. हंगाम संपल्यावर तिथेच आठवड्यातून एक दिवस मल्चिंग पेपर आणि सुतळी घ्यायची, काट्यावर तोलायची, दोन-चार रुपये किलो का होईना भाव द्यायचा. अडचण आहे ती मातीची. शेतातून निघालेल्या कागदाच्या वजनात निम्म्याहून जास्त माती आणि पालापाचोळा असू शकतो. तो तसाच घेतला तर गाव माती विकत घेणार, आणि पुनर्वापराच्या कारखान्याला तो धुतल्याशिवाय चालत नाही. धुवायला पाणी लागतं, आणि धुतल्यावर उरणाऱ्या पाण्यात गाळ, खत, औषधाचे अंश आणि प्लॅस्टिकचा बारीक चुरा असतो. ते निवळवण्यासाठी हौद बांधायचा खर्च कुणी करायचा आणि तळाशी बसलेला गाळ उपसून कुठे टाकायचा, हे भाव जाहीर करण्याआधी ठरवावं लागेल. नाहीतर तो चुरा पुन्हा गोदावरीत जाईल, आणि तोही इतका बारीक की पाणवेलीच्या मुळांनासुद्धा अडवता येणार नाही.